ऊबदार खोलीतली गार पिल्लं

लीडा व्होन्द्रा शेतकी कॉलेजच्या उंदीरघरात कामाला लागली, तेव्हा तिची सासू योसेफा एवढंच म्हणाली, "घरात तीन मांजरं पाळायची आणि बाहेर जाऊन उंदरांना भरवायचं. मांजरांना काय तोंड दाखवशील?"

नेब्रास्कातल्या त्या गावात गिरणीच्या मागच्या चार आळ्या चेक लोकांच्या होत्या, आणि आळीत एकाच्या घरी झालेला विनोद संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या घरी जेवायला बसायचा. लीडाला पुढे कितीतरी महिने लोक विचारत, आज उंदरांनी काय खाल्लं, साहेब उंदीर बरे आहेत ना. ती हसायची नाही, चिडायचीही नाही. छत्तीस वर्षांची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. नवरा व्हेन्सल पीठगिरणीत पोती भरायच्या खात्यात होता. मूलबाळ नव्हतं. एक झालं होतं, ते अकरा आठवड्यांनी गेलं. त्याला तेरा वर्षं झाली होती.

आळीत तिची आणखी एक खोड सगळ्यांना माहीत होती. तिच्या घरची शेगडी कधी विझायची नाही. ऑक्टोबरात पेटायची ती पार मे महिना उजाडला तरी आत लाल असायची. बाहेर सफरचंदाची झाडं फुलली आहेत, खिडक्या उघड्या आहेत, आणि ही वाकून शेगडीत मक्याची सुकी कणसं टाकते आहे. व्हेन्सल बनियनवर बसून घाम पुसायचा.

कॉलेजात तिला आधी काचेची भांडी धुवायला घेतलं होतं. पण तिथल्या डॉक्टर ऑल्डसबाईंनी एकदा तिला पिंजऱ्यातून सुटलेलं पिल्लू धरताना पाहिलं. लीडाने धावपळ केली नाही. खाली बसली, तळहात जमिनीवर उताणा ठेवला आणि थांबली. पिल्लू आपणहून हातावर चढलं. दुसऱ्या दिवसापासून भांडी दुसरीकडे गेली आणि लीडाकडे उंदीर आले.

ऑल्डसबाई उंच, हडकुळ्या, पन्नाशीच्या. आहारशास्त्र शिकवायच्या. बोलणं कामापुरतं. त्या जानेवारीत त्यांनी नवा प्रयोग मांडला. आईच्या दुधावरून नुकतीच तुटलेली, तीन आठवड्यांची पांढरी पिल्लं घेतली. एकेका आईची पिल्लं तीन वाट्यांत विभागली. पहिल्यांना पूर्ण आहार, हवा तेवढा. दुसऱ्यांनाही हवा तेवढा, पण त्यात बी जीवनसत्त्व अजिबात नाही. बाकी सगळं होतं: पिष्ट, साखर, चरबी, दुधातलं प्रथिन, क्षार. दिसायला तर हाच आहार जास्त पांढराशुभ्र, स्वच्छ. तिसऱ्यांना जीवनसत्त्वासकट सगळं, पण मोजून. दुसऱ्या वाट्यातल्या आपल्या जोडीदाराने काल जेवढं खाल्लं, तेवढंच आज याला.

ही तिसरी तऱ्हा लीडाच्या गळी उतरेना. भाऊ जेवला नाही म्हणून याने उपाशी राहायचं, हा कुठला न्याय, असं तिने विचारलंसुद्धा. ऑल्डसबाईंनी शांतपणे सांगितलं, की जीवनसत्त्व नसलं की पिल्लं खाणं सोडतात. मग ती वाळतात ती उपासाने की त्या एका वस्तूच्या अभावाने, हे वेगळं कसं काढणार? त्यासाठी नुसता उपाशी, पण बाकी धड असलेला कुणीतरी शेजारी हवा.

रोज सकाळी लीडा एकेक पिल्लू काट्यावर ठेवायची, वजन लिहायची, उरलेलं अन्न तोलायची. आठवड्यातून दोनदा बारीक थर्मामीटरने अंगाची ऊब बघायची, आणि मग पिल्लू तासभर झाकणबंद बरणीत. बरणीत नळीने हवा जायची, दुसऱ्या नळीने बाहेर यायची, आणि पिल्लाने त्यातला किती प्राणवायू वापरला हे पलीकडच्या नळ्यांवरून ऑल्डसबाई वाचायच्या. तेवढ्यावरून कळायचं, आत जाळ किती आहे.

पहिले दोन आठवडे तिन्ही वाट्यांत फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या वाट्याच्या पिल्लांनी अन्न हुंगून सोडायला सुरुवात केली. चौथ्यात त्यांची पाठ कमानीसारखी वर आली, केस उभे राहिले, ती एकमेकांच्या अंगाखाली घुसून बसू लागली. तिसऱ्या वाट्याची, मोजून खाणारी पिल्लं भुकेली होती, हडकली होती, रात्रंदिवस पिंजऱ्याची तार कुरतडायची. त्यांचंही अंग थोडं निवलं होतं. पण ती धावत होती, भांडत होती, लीडाचा हात आला की बोटाला चावायची. दुसऱ्या वाट्याची पिल्लं चावायची नाहीत. समोर अन्न भरलेलं, आणि ती तशीच. उचलली की हाताला गार लागायची. धड पिल्लाचं अंग शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास. यांचं पंचाण्णव, मग त्र्याण्णव. बरणीत प्राणवायूचा वापर निम्म्यावर आलेला.

एका सकाळी लीडाने न विचारता त्यांचा पिंजरा उचलून गरम पाण्याच्या नळांजवळ नेला आणि वर लाकडाच्या भुश्शाचा ढीग घातला. ऑल्डसबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पिंजरा स्वतः उचलून जागेवर ठेवला.

"मिसेस व्होन्द्रा, खोली ऐंशी अंशांवर आहे. थंडी बाहेरून लागत नाहीये त्यांना."

"पण हाताला गार लागतात हो."

"लागणारच. पिल्लाचं अंग एवढंसं, आणि ऊब निघून जायला कातडी मात्र मानाने पुष्कळ. म्हणून त्याला आतून सारखं जाळत राहावं लागतं. मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त. यांच्या पोटात जळण आहे, साखर आहे, पिष्ट आहे. ते जाळायला जी चिमूटभर वस्तू लागते, ती नाही. तुम्ही नळाजवळ ठेवा नाहीतर भट्टीजवळ ठेवा, आतलं पेटणार नाही."

लीडाने विचारलं, "शेजारी शेगडी पेटलेली असली तरी?"

"तरी."

त्या दिवशी तिने कामात तीन चुका केल्या. एरवी तिची एक होत नसे.

तेरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिच्या मांडीवर ब्लाझेना होती. जन्मली तेव्हा सात पौंडांची, गालांवर खळ्या, आणि रडणं असं की गिरणीच्या भोंग्याशी स्पर्धा. दोन महिने चांगली वाढली. मग अंगावर प्यायचं सोडलं. तोंडात धरायची, सोडून द्यायची, थोडं घेतलं तर ओकायची. तिचा आवाज आधी घोगरा झाला, मग गेलाच. तोंड उघडायची, चेहरा लालबुंद व्हायचा, कपाळाला आठ्या पडायच्या, सगळं रडण्याचं व्हायचं आणि आवाज मात्र नसायचा. लीडा ते बघायची आणि तिला वाटायचं, आपल्यालाच ऐकू येत नाही की काय. हातपाय गार पडायचे. लीडा ते तासन् तास आपल्या काखेत धरून बसायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला, देवळात मेणबत्त्यांच्या आशीर्वादाचा सण असतो त्या दिवशी, योसेफा सकाळी देवळात गेली. व्हेन्सल गिरणीत होता. लीडा बाळाला शेगडीजवळ पाळण्यात ठेवून डुकरांना पाणी घालायला मागे गेली. पंप गोठलेला होता. तो उकळतं पाणी ओतून मोकळा करता करता बराच वेळ गेला. परत आली तर शेगडी विझली होती आणि बाळाचे ओठ निळे होते. तिने बाळ पोटाशी घेतलं, वर दोन गोधड्या घेतल्या, एका हाताने शेगडी पेटवली. दुपारच्या आत तिच्या छातीशी ब्लाझेना गेली.

बर्फामुळे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. हृदय अशक्त, असं त्याने लिहिलं. पण पुरताना, सगळी आळी उभी असताना योसेफा म्हणाली, "शेगडी विझू दिली हिने."

एकदाच म्हणाली. पुन्हा तेरा वर्षांत तिने ते वाक्य उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही नव्हती.

आठवडाभराने लीडाने धीर करून ऑल्डसबाईंना विचारलं, माणसाच्या पिल्लांचंही असं होतं का. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. तुम्ही असं का विचारता, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. बाळ किती आठवड्यांचं होतं, अंगावर पीत होतं का, आवाज कधी गेला, एवढंच एकेक करून विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या हिवाळ्यात काय खात होतात?"

लीडाने सांगितलं. दिवस राहिल्यापासून तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. ठरायचा फक्त पांढरा पाव. व्हेन्सल गिरणीतून सगळ्यात बारीक, सगळ्यात पांढरा मैदा आणायचा. त्याचे छोटे पाव, गोड कॉफीत बुडवून. बाळंतपणानंतरही तेच, कारण कोबी नको, डुकराचं मांस नको, घेवडा नको, त्याने बाळाचं पोट दुखतं. पाय जड झाले होते. तळव्यांना मुंग्या यायच्या. तिला वाटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा.

"आणि कोंडा?" बाईंनी विचारलं.

"डुकरांना."

त्या वर्षीची डुकरांची पिल्लं तिला आठवली. गुलाबी, गरम, आवाजाने कान किटवणारी.

ऑल्डसबाईंनी सांगितलं की पूर्वेकडच्या देशांत, जिथे ती वस्तू कोंड्याबरोबर काढून टाकलेला पांढरा तांदूळच खातात, तिथल्या डॉक्टरांनी अशी बाळं पाहिली आहेत. आई चालती-फिरती असते, आणि अंगावरचं बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की आवाज जातो. मग त्या म्हणाल्या, "पण तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तेरा वर्षांनंतर या खोलीत उभं राहून मी हो म्हणाले तर ते खोटं होईल. आणि नाही म्हणाले तरी."

त्याच आठवड्यात प्रयोगाचा पुढचा भाग होता. गार पडलेल्या पिल्लांपैकी निम्म्यांना बी जीवनसत्त्व असलेला यीस्टचा अर्क द्यायचा. लीडाने सकाळी नऊ वाजता सव्वीस नंबरच्या पिल्लाच्या तोंडात दोन थेंब सोडले. ते तिच्या तळहातावर ओल्या चिंधीसारखं पडलं होतं. दुपारी जेवून ती परत आली तर ते पिंजऱ्यात उभं होतं आणि तोंड धूत होतं. संध्याकाळी त्याने अन्नाच्या वाटीत दोन्ही पाय रोवले. लीडाने थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव. तिने आकडा लिहिला, वही बंद केली, भांडी धुवायच्या खोलीत गेली आणि नळ पूर्ण सोडून बराच वेळ तिथे उभी राहिली.

घरी जाताना तिचं मन ठरलेलं होतं. आज सासूला सांगायचं. शेगडीने नव्हे, असं तोंडावर सांगायचं. पण कॉलेज ते घर वीस मिनिटांची वाट, आणि त्या वाटेवर तिला ते पाव आठवले. ते कोण भाजायचं?

योसेफाच भाजायची. रोज पहाटे उठून. योसेफा जिथून आली होती तिथे पांढरं पीठ लग्नात दिसायचं, एरवी राय नावाच्या धान्याचं काळपट पीठ. सुनेला दिवस गेल्यावर तिने शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं, की हिला काळा घास द्यायचा नाही. स्वतः ती चुलीमागे बसून रायचा जाड पाव चावायची, आणि सुनेसमोर पांढरे पाव ठेवायची, वर खसखस, आत मऊ. कोबीचं भांडं सुनेसमोरून तीच उचलायची. बाळाचं पोट दुखेल ग, म्हणायची. अख्ख्या आळीत सुनेचे एवढे लाड कुणी केले नव्हते.

योसेफा आता अठ्ठ्याहत्तरची. यंदाच्या हिवाळ्यापासून अंथरुणालाच खिळली होती. शेगडीजवळच्या खोलीत तिची खाट होती. लीडा कोट न काढताच आत गेली आणि खाटेपाशी बसली.

"आई, ब्लाझेना शेगडी विझली म्हणून गेली नाही."

म्हातारीने डोळे उघडले. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे."

लीडाला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही.

"देवळात निघायच्या आधी मी तिचे पाय धरले होते," योसेफा म्हणाली. "शेगडी तेव्हा धगधगत होती. उभं राहवत नव्हतं तिच्याजवळ. पाय मात्र बर्फ. पोटाला हात लावला, तर पोटही गार. मला तेव्हाच कळलं, ही राहत नाही. तरी मी गेले."

"मग तुम्ही तसं का म्हणालात?"

"परत आले आणि शेगडी मधे विझली होती हे कळलं. मेणबत्ती हातात तशीच होती माझ्या. घरात पोर मरत होतं आणि मी देवळात बसून होते. कुणावर तरी घालायला हवं होतं, लीडे. तू समोर होतीस."

लीडा उठली. तेरा वर्षं ती कणसं टाकत आली होती. आणि या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या जिभेवर सगळं आलं. पांढरे पाव, खसखस, उचलून नेलेलं कोबीचं भांडं, डुकरांना घातलेला कोंडा. एका वाक्यात सांगून झालं असतं.

मागून योसेफाने विचारलं, "मग कशाने गेली ग ती? सांगतात का काही तुझ्या कॉलेजात?"

लीडा दाराशी उभी होती. कोट अजून अंगावरच होता.

"ते कुणालाच ठाऊक नाही, आई," ती म्हणाली.

पुढचे दहाबारा दिवस ती त्या खोलीत कामापुरती गेली. चादर बदलायची, भांडं उचलायचं, बाहेर यायचं. ते क्षमेचे दिवस नव्हते. योसेफा हाक मारायची आणि लीडा ऐकूनही उशिरा जायची. एका सकाळी म्हातारीने पांढरा पाव मागितला, कॉफीत बुडवून. लीडाने तो भाजला, बुडवला आणि चमच्याने भरवला. म्हातारीने दोन घास घेतले, तिसऱ्याला मान वळवली आणि चमचा धरलेल्या लीडाच्या मनगटावर आपला हात ठेवला. हात गार होता. लीडाने तो काढला नाही.

योसेफा एप्रिलच्या शेवटी गेली.

त्याआधी मार्चमध्ये प्रयोग संपला. प्रयोग संपला की सगळी पिल्लं क्लोरोफॉर्मने मारून आतून तपासायची असतात, हे लीडाला पहिल्यापासून माहीत होतं. तरी बरी झालेली पिल्लं काचेच्या भांड्यात ठेवायची वेळ आली तेव्हा ती ऑल्डसबाईंना म्हणाली, सव्वीस नंबर मी घरी नेते, कुणाला सांगणार नाही. बाई म्हणाल्या, "नाही, मिसेस व्होन्द्रा. त्यालाच तर बघायचं आहे." त्यांचा आवाज कोरडा नव्हता. लीडाने झाकण स्वतः लावलं. दुसऱ्या कुणाला ते काम करू दिलं नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, गावात सगळेच आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहायला जातात त्या दिवशी, लीडा आणि व्हेन्सल गेले. योसेफाची माती अजून बसली नव्हती. शेजारी ब्लाझेनाचा छोटा दगड. लीडाने पिओनीची फुलं दोन ठिकाणी वाटली.

व्हेन्सल टोपी हातात घेऊन उभा होता. तो मुका माणूस नव्हता, पण घरी आल्यावर गिरणीचा आवाज कानातून जाईपर्यंत बोलत नसे, आणि तो जाईपर्यंत झोपायची वेळ झालेली असे. आज गिरणी बंद होती.

"आपला पाव काळा का झालाय ग?" त्याने विचारलं. "फेब्रुवारीपासून बघतोय."

"कॉलेजात सांगतात. कोंड्यासकट खावं."

"का?"

"चांगलं असतं."

तो मग म्हणाला, "कॉलेजातली माणसं गिरणीत आली होती गेल्या महिन्यात. कोंडा, अंकुर, सगळं थोडं थोडं बाटल्यांत भरून नेलं. मी विचारलं कशाला. एका पोरीने सांगितलं मला. पांढऱ्या पिठावरची उंदराची पिल्लं कशी गार पडतात ते." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गिरणीतून ते पीठ मीच आणायचो, लीडा. खांद्यावरून. सगळ्यांच्या आधी आपल्या घरी."

लीडा त्यालाही 'कुणालाच ठाऊक नाही' म्हणू शकली असती. सासूला म्हणाली होती. पण दोनदा तेच बोलायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि हा तिच्याकडे सरळ बघत होता. तिने फुलांचं ओलं फडकं दुमडून पिशवीत ठेवलं.

"तू माझ्यासाठी आणायचास," ती म्हणाली. "आई माझ्यासाठी भाजायच्या. मी ब्लाझेनासाठी खायची."

व्हेन्सलने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. दुसऱ्या माणसांची पोरं थडग्यांमधून पळत होती. ती दोघं बाकावर बसली, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिली. व्हेन्सलने त्या गिरणीत आणखी अकरा वर्षं पोती भरली, कारण गावात दुसरं काम नव्हतं. रोज संध्याकाळी दारात उभा राहून तो कपड्यांवरचं पांढरं पीठ झटकायचा, शर्ट, बाह्या, पँटच्या घड्या, सगळं अगदी नीट, आणि मगच आत यायचा.